सत्याचा महिना

चारित्र्य आपोआप घडत नाही. त्याला आराखडा लागतो, मुदत लागते आणि घरात एकतरी साक्षीदार लागतो, हे आता सर्वमान्य झालं आहे. म्हणूनच कोपऱ्यावरच्या शिंप्याने पन्नाशी उलटल्यावर बारा महिन्यांना बारा सद्गुण वाटून दिले. संयम जानेवारीत निर्विघ्न पार पडला (बायको महिनाभर माहेरी होती). कृतज्ञता फेब्रुवारीत बसवली, कारण तो महिना लहान. मार्चमध्ये सत्य आलं आणि घोडं अडलं.

सत्य इतर धंद्यांत कसं नांदतं याची आकडेवारी उपलब्ध नाही. शिवणकामात मात्र त्याचा कस एकाच प्रश्नावर लागतो: कपडे कधी मिळतील? शिंप्याने कामाचा ढीग पाहिला आणि खरं सांगायला सुरुवात केली. "बावीस दिवस लागतील."

निकाल उत्साहवर्धक होते. पहिल्याच आठवड्यात एकोणीस गिऱ्हाइकांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि एकोणीसही जण कापड उचलून समोरच्या शिंप्याकडे गेले. समोरचा सगळ्यांना 'परवा' सांगे. (त्याच्याकडे काहींची कापडं गेल्या हिवाळ्यापासून पडून आहेत. तक्रारी: शून्य.)

शिंप्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तीस वर्षं ज्यांचे खांदे मापले, ती माणसं आता त्याला बघून रस्ता ओलांडू लागली. दुकान असंच चाललं तर एप्रिलचा सद्गुण घरी बसूनच जोपासावा लागणार होता.

अशात त्याच्या शाळेतल्या बाई आल्या. 'नेहमी खरे बोलावे' हे त्याच्याकडून पन्नास वेळा लिहून घेणाऱ्या त्याच ह्या.

"ड्रेस कधी देशील रे?"

"बावीस दिवस लागतील, बाई."

"अरे, शुक्रवारी भाचीचं लग्न आहे!"

"मग नाही जमणार."

बाईंचा चेहरा पडला. "मेल्या, खोटं तरी बोलायचंस! तेवढेच चार दिवस निवांत गेले असते."

काजं करत बसलेल्या बायकोने मान वर न करता सांगितलं, "बाई, शुक्रवारी सकाळी न्या."

बाई हसत गेल्या.

"अगं, होणार आहे का शुक्रवारपर्यंत?"

"नाही. पण बघा ना, किती खुशीत गेल्या."

शिंप्याने घटकाभर विचार केला आणि मार्च महिना 'सत्य' या शीर्षाखालून 'करुणा' या शीर्षाखाली वर्ग केला. पंधरवड्यात दुकान पुन्हा गजबजलं. सगळ्यांना शुक्रवार देण्यात आला. (बाईंचा ड्रेस शुक्रवारी मिळाला. बाह्या सोमवारी.)

सत्याचा महिना रद्द झालेला नाही, फक्त लांबणीवर पडला आहे. खरी तारीख ऐकूनही कापड ठेवून जाईल असं एक गिऱ्हाईक मिळालं, की तो उद्यासुद्धा सुरू होईल. आपल्याला सद्गुणांची चाड आहे, म्हणून तर आपण इथवर वाचलंत. तेव्हा कापड घेऊन अवश्य या. दुकान कोपऱ्यावरच आहे.

अहो, इकडे. तिकडे कुठे निघालात? ते समोरचं.