आप्पांच्या राजाची उडी

आप्पा दुसऱ्याच चालीत राजाशेजारचं एक प्यादं समोरच्याला फुकट देतात. "खावा पाव्हणं, लाजू नका," म्हणत पुढे सरकवतात. मी ज्या पुस्तकातून बुद्धिबळ शिकले त्यात याला किंग्ज गॅम्बिट म्हटलंय. आप्पांच्या लेखी तो पाहुणचार आहे. कुणी ते प्यादं खाल्लं नाही तर त्यांना राग येतो. "का, आमच्याकडचं चालत न्हाई व्हय?"

शिरूरला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमचा क्लब भरतो. मी तिथली एकटीच मुलगी, त्यात कमी बोलणारी. आप्पा रांजणगावच्या कंपनीतून रिटायर झालेले, आणि डाव चालू असताना त्यांचं तोंड बंद नसतं. स्वतःचा घोडा मेला तरी म्हणतील, "जाऊ द्या, म्हातारा झाला व्हता."

यंदा क्लबचा सामना दौंडला, तिथल्या क्लबशी होता. चार डाव होऊन दोन-दोन बरोबरी. उरला आप्पांचा. समोर रेल्वेतले एक निवृत्त गार्ड. प्यादं खाऊन, वर घोडा खाऊन ते घामाघूम झाले होते. आप्पांनी फक्त वजीर सरकवायचा होता, सामना आमचा. मलासुद्धा दिसत होतं.

आप्पांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला.

"आप्पा, राजाला पंख फुटलं व्हय?" गार्ड हसले.

पंच म्हणाले, चाल बाद. पण राजाला हात लागलाय, आता राजाच हलवा. जायला एकच घर होतं. तिथे पुढच्या चालीत मात झाली.

परतताना जीपमध्ये मी आप्पांच्या शेजारी बसले होते. शेवटी मीच विचारलं, "आप्पा, ती उडी कसली?"

"जुना नियम हाय पोरी. पहिला शह बसायच्या आत राजाला येकदा उडी मारता येती. दौंड माझ्या बायकोचं माहेर. तिनंच तिथं मला डाव शिकवला, लग्नानंतर. घरात आम्ही तसंच खेळायचो. ती गेली, तवापासनं क्लबातले नियम पाळतोय. आज तिच्या गावात बसलो, आन् हात गेला."

पुढच्या रविवारी मी आपणहून त्यांच्यासमोर बसले. प्यादं आलं. मी खाल्लं. अर्ध्या डावात त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला, पण शह अजून बसला नव्हता.

"आप्पा," मी म्हणाले, "तुमची उडी शिल्लक आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग राजा उचलला.

मी हरले. पण त्या उडीनंतर डाव संपेपर्यंत आप्पा एक शब्द बोलले नाहीत.