तात्यांची दक्षिण

रात्री मी मोटरसायकल दारात लावतो तेव्हा तिचं तोंड दक्षिणेला असतं. सकाळी ते उत्तरेला असतं. हे काम चोराचं नव्हे, आमच्या शेजारच्या सावळेरामतात्यांचं.

दक्षिणेकडं तोंड करून काहीही ठेवलेलं तात्यांना खपत नाही. खाट, चूल, अगदी पाहुण्यांच्या चपलासुद्धा ते फिरवून ठेवतात. त्यांच्या बापजाद्यांनी मेंढरांमागं रानोमाळ जन्म काढला. तात्यांकडं आता मोजकीच मेंढरं उरलीत, पण मेंढवाड्याचं दार उत्तरेलाच. "यमाची दिशा हाय ती. दिशा धरून ऱ्हावा, राव!" हे त्यांचं पालुपद. एकदा मी वैतागून म्हणालो, "तात्या, आख्खं पुणं दक्षिणेला आहे." त्यावर म्हणाले, "म्हनून तर तितं कोन सुखी न्हाई."

तात्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या तेव्हा घरात दिव्याची वात दक्षिणेला केली होती. हे खूळ त्या दिवसापासून वाढलं, असं मला वाटतं. मागं राहिला एकुलता एक मुलगा नीलेश, आणि तोही मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. निघताना तात्यांनी त्याला बजावलं, "रोज जेवताना ध्रुवाकडं बघ. मी बी बघतो. ध्रुव काय कुटं जात न्हाई." तेव्हापासून तात्या अंगणात उत्तरेकडं तोंड करून जेवायचे.

माघात नीलेशचे फोन बंद झाले. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, "जहाज दक्षिणेला चाललंय." झालं, तात्यांचं जेवण सुटलं. कंपनीतला माणूस म्हणायचा, भर समुद्रात रेंज नसते, काळजी करू नका. पण तात्या दिवसभर फोन मुठीत धरून बसायचे. त्या मुठीकडं बघून मलाही धास्ती वाटायला लागली. पुण्याच्या तारांगणात जहाजं वाट कशी काढतात ते दाखवतात, असं कुणीतरी सांगितलं आणि तात्यांनी माझं दार वाजवलं. "भाऊ, तुमची व्हॅन काढा. पोरगं वाट चुकतंय का न्हाई, ते डोळ्यानं बघू."

आता महाळुंगे पडवळहून पुण्याला जायचं म्हणजे तोंड दक्षिणेलाच. तात्या मागच्या सीटवर उलटे, मागच्या काचेकडं तोंड करून बसले. वाटेत पेठ गावात चहाला थांबलो तर चहावाला म्हणाला, "पावणं रुसलं का काय?" तात्यांना हसू आलं नाही. चहावर साय धरली तरी ते फोनकडंच बघत होते.

तारांगणात दिवे मालवले आणि डोक्यावर आभाळ उघडलं. तात्यांनी माझं मनगट धरलं. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसतो, त्यावरून खलाशी आपण किती उत्तरेला आहोत ते ओळखायचे. आता आपलं जहाज दक्षिणेला निघालंय." ध्रुव खाली सरकू लागला. मनगटावरची पकड आवळत गेली. तारा क्षितिजाला टेकला आणि बुडाला.

"बाई!" तात्या अंधारात उभे राहिले. "कुटं नेलं त्याला? वर घ्या!"

लोक हसले. मुलगी म्हणाली, "काका, विषुववृत्ताच्या पलीकडं गेलं की ध्रुव दिसत नाही."

"मग जहाज मागं घ्या!"

"अहो, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं. मी तात्यांचा सदरा ओढत होतो.

"पोरगं हाय माजं जहाजावर," ते म्हणाले. "त्याला सांगितलंय मी, ध्रुवाकडं बघ म्हनून. आता ते कशाकडं बघंल?"

हसणं थांबलं. मुलीनं आभाळ होतं तिथं थांबवलं. "वाट दाखवायला आता जहाजावर यंत्रं असतात, काका," ती म्हणाली आणि तिनं एका ठळक ताऱ्यावर बाण नेला. "आणि हा बघा अगस्ती. तुमच्या मुलाला उंच दिसेल, तुम्हाला गावातून जरा खाली. पण दोघांनाही दिसतो."

"कंच्या अंगाला?"

"दक्षिणेला."

तात्या मटकन खाली बसले.

परत निघताना मी पुढचं दार उघडलं. आता गाडी उत्तरेला चालली होती, म्हणजे तात्या ऐटीत पुढं बसणार. पण ते मागं गेले आणि पुन्हा उलटे बसले. माणूस दमलाय, भान राहिलं नाही, असं समजून मी गाडी सुरू केली.

रात्री जेवणवेळेला मी त्यांच्यासाठी ताट घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. फोन खाटेवर पडला होता, अजून मुकाच. तात्या दक्षिणेकडं तोंड करून बसले होते. समोर लिंबाच्या शेंड्यावर अगस्ती होता. त्यांनी भाकरी मोडली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, यमाची दिशा ना ती?"

"आसंल," घास तसाच हातात धरून ते म्हणाले. "पन इतकं दिस मी पोराकडं पाठ करून जेवलो रं."

मी त्यांच्या शेजारी टेकलो, त्यांच्याच दिशेला तोंड करून. मग त्यांनी तो घास खाल्ला.