इस्त्रीखाली गेलेलं पोट

"हे एक चित्र पास झालं तर काढत बस आयुष्यभर. नाही झालं, तर उद्यापासून दुकानात काजबटणाला बस. कळलं?" सरस्वतीपुरमात तीस वर्षं पँटी शिवणाऱ्या कृष्णमूर्तींनी लेकीला बजावलं आणि कात्री उचलली.

सहनाला कॉमिकची ही पहिलीच ऑर्डर मिळाली होती. आइस्क्रीमवाल्या मंजुनाथांना दुकानात लावायला स्वतःचा जीवनपट हवा होता, सहा चौकटींत. "कंबर अजून अडतीस आहे बरं का, तशीच काढ," असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

तिची पद्धत ठरलेली. आधी कच्चं रेखाटन, त्यावर शाईची पक्की रेघ, मग कच्चं पुसायचं आणि शेवटी मार्करचे रंग, फिक्याकडून गडदाकडे. घोडं अडायचं ते पुसण्यात. खोडरबराने शाई फिकी पडायची आणि उरलेल्या शिशाने पिवळा रंग मळून जायचा.

शेवटी तिची नजर अप्पांच्या खणातल्या पेनावर गेली. कापडावर खुणा करायचं पेन ते. इस्त्री फिरवली की खूण गायब. कापड काय नि कागद काय! तिने मंजुनाथकाका आधी जसे आहेत तसे काढले, पट्ट्याबाहेर आलेल्या पोटासकट, आणि बाण मारून आठवणीसाठी लिहिलं, 'पोट कापायचं. केस लावायचे.' मग शाईने सडपातळ, भरघोस केसांचे काका उभे केले, शाई वाळल्यावर हलकी इस्त्री फिरवली आणि रंग भरले. पोट, टक्कल, बाण, काही म्हणता काही उरलं नाही.

"डिट्टो मीच, नोडी, बघा तरी!" मंजुनाथ हरखले. चित्र लॅमिनेट करून त्यांनी थेट काचेच्या डीप फ्रीझरमध्ये, कुल्फीच्या मागे उभं केलं. कृष्णमूर्तींनी नाइलाजाने काजबटणासाठी दुसरं माणूस शोधायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी मंजुनाथ चित्र काखोटीला मारून हजर. इस्त्रीने गेलेली ती शाई थंडीत परत येते, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सहाही चौकटींत सडपातळ मंजुनाथांच्या मागून खरे मंजुनाथ बाहेर आले होते, वर सूचनांसकट.

"अडतीस कमरेच्या माणसाचं पोट कापतेस? पोरं मोठ्याने वाचतात की गं ते!"

सहनाला रडू फुटायचंच बाकी होतं. "काका, ते कच्चं होतं. अप्पांच्या पेनाचं. इस्त्रीने जातं ते."

"अप्पांच्या?"

कृष्णमूर्ती खाकरले. "कपड्यावर लिहितो थोडं. बिडू, सोड ते. कॉफी घे, मंजू."

"माझ्या पँटवर पण लिहितोस?"

"सगळ्यांच्याच."

मंजुनाथ कॉफी न घेताच गेले. दोन तासांनी परतले ते हातात नवी कोरी पँट घेऊन. कृष्णमूर्तींनीच शिवलेली, पण आता फ्रीझरमध्ये गारठून लाकडासारखी ताठ. कमरपट्टीच्या आत कृष्णमूर्तींच्या वळणदार अक्षरात उमटलं होतं, '४४. विचारलं तर ३८ सांगणे.'

"दहा वर्षं, मूर्ती!"

"अय्यो, तू खूश होतास की," कृष्णमूर्ती पुटपुटले.

मंजुनाथ सहनाकडे वळले. "चित्र आहे तसंच राहू दे. ते बघायला गर्दी होते, कुल्फी खपते. आणखी एक काढ, पोटासकट." मग त्यांनी कृष्णमूर्तींच्या गळ्यातली टेप ओढून तिच्या गळ्यात घातली. "आणि आजपासून माझं माप तूच घ्यायचं."

चित्र पास झालं होतं आणि सहना टेप घेऊन दुकानात उभी होती.