इनासच्या वीस फरश्या

शेजारच्या इनासला म्हणा, “संध्याकाळी चहाला येत जा.” तो गंभीरपणे विचारणार, “स्टेप कितीची?” म्हणजे रोज यायचं, की एक दिवस सोडून?

मालवणात घरी बसून तो परदेशी कंपनीसाठी रस्ट भाषेत प्रोग्राम लिहितो. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गजसुद्धा खाल्लेत, आणि हा गंजाच्या नावाची भाषा हौसेने शिकलाय! पेपर वाचतो तोही पहिलं पान, चौथं, मग सातवं. माडांना पाणी तीन-तीनच्या स्टेपने घातलं. मधले माड सुकले तेव्हा म्हणाला, “मोजणीचो लूप बरोबर होतो, माड चुकले.” माझं डोकं फिरायचं बाकी होतं.

यंदा त्याच्या वडिलांचं, बस्त्यांवकाकांचं, खुब्याचं हाड मोडलं. चालले नाहीत तर अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जन्म बोटीवर काढलेला हा गडी वॉकरला हात लावेना.

इनासने पलंगापासून पडवीपर्यंतच्या वीस फरश्यांवर दिवे बसवले. त्याची मोजणी शून्यापासून, म्हणून शून्य ते एकोणीस. स्टेप दोनची: शून्य, दोन, चार अशी फरशी पेटणार, तिथे थांबून काकांनी दम खायचा. या खेळाला काका कसे कोण जाणे, तयार झाले.

मला साक्षीला बोलावलं होतं. काका वॉकर धरून पडवीत पोचले, मी टाळ्या वाजवल्या. परतताना मात्र दुसऱ्याच फरश्या पेटल्या.

“ह्यो माझ्यो न्हय!” काका मधेच थांबले.

इनासने कपाळावर हात मारला. “आधी उलट केलंय, मगे दोन-दोन! म्हणान एकोणीस, सतरा, पंधरा पेटतत. आधी दोन-दोन, मगे उलट करूक होया होता. अठरा, सोळा… थांब पप्पा, पाचच मिनिटां!” आणि हा शहाणा टाइप करायला बसला.

काकांनी वॉकर घट्ट धरून ठेवला.

“इनास, माका भय वाटता रे.”

हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. इनासनेही नसावेत. लॅपटॉप तसाच टाकून तो धावला, समोरून वॉकरवरचे त्यांचे दोन्ही हात धरले आणि उलट्या पावलांनी मागे सरकू लागला. एका फरशीत चार पावलं, कधी पाच. दिवे भलतीकडेच पेटत होते, पण बघतो कोण? इनास रडत होता, आणि त्याच्यावरचा माझा सगळा वैताग त्या क्षणी गेला.

काका त्याच्या खांद्यावरून मागे बघत होते.

“हळू रे झिला. मागे पलंग आसा, पडशीत.”