तीन कॅमेऱ्यांचं औक्षण

राहुरीच्या कानिफनाथने लग्नाला तीन कॅमेरे लावले की एकाच नवरीचे तीन शालू व्हायचे. एकात लाल, दुसऱ्यात डाळिंबी, तिसऱ्यात चक्क विटकरी. गेल्या वर्षी त्यावर तोड निघाली. शूटिंगआधी तिन्ही कॅमेऱ्यांना एकच औक्षणाचं ताट दाखवायचं: हळद, कुंकू, तांदूळ, विड्याचं पान. मग कॉम्प्युटर त्यावरून तिन्हींचे रंग जुळवतो. कानिफनाथने पेटंटचा अर्ज ठोकला, संशोधक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि मंजुरीआधीच पेढे वाटले.

पेढा खाऊन समोरच्या स्टुडिओवाल्या गहिनीनाथने हरकत घेतली. "ह्यात शोध कसला? कुनालाबी सुचंल!"

सुनावणी व्हिडिओवर ठरली. कानिफनाथ नवा शर्ट घालून बसला. बायको सविता प्रात्यक्षिकासाठी ताट घेऊन शेजारी. पडद्यावर एका चौकोनात अधिकारी, दुसऱ्यात गहिनीनाथ.

"साहेब, तेरा वर्षं ह्यो माझ्यासमोर धंदा करतोय," कानिफनाथ म्हणाला. "एवढं सोपं हुतं, तर ह्याच्या नवऱ्या आजबी रंग का बदलत्यात?"

अधिकारी हसले. "धंद्यातल्या माणसाला सहज सुचण्यासारखं असेल तर पेटंट मिळत नाही. तुम्हाला हे सुचलं कसं?"

कानिफनाथने छाती फुगवली, तेवढ्यात सविताच बोलली. "त्यात सुचायचं काय, साहेब? नवी वस्तू घरात आली की ओवाळायची. ट्रॅक्टर ओवाळला, फ्रीज ओवाळला, तसे कॅमेरे ओवाळले. ते चालू हुते, तिन्हींचं चित्र पडद्यावर दिसत हुतं. मग मीच ह्यांना म्हनले, अवो, कुंकू तीन रंगांचं दिसतंय. आधी कुंकू जुळवा, शालू आपोआप जुळंल."

"ऐका!" गहिनीनाथ ओरडला. "वैनीला सुचलं, म्हंजे सोपंच की!"

कानिफनाथ डगमगला नाही. "साहेब, हिला धंद्यातलं काय बी कळत न्हाई! कॅमेरा कुठनं चालू करायचा त्येबी ठावं न्हाई. हिचं सुचनं धरायचंच न्हाई!"

सविताने ताट टेबलावर ठेवलं. जरा जोरातच.

"मान्य," अधिकारी म्हणाले. "बाई धंद्यातल्या नाहीत, आणि धंद्यातल्या कुणाला हे सुचलेलं दिसत नाही. मुद्दा तुम्ही जिंकलात. पण मग शोध बाईंचा. संशोधक म्हणून त्यांचं नाव घाला, तुमचं काढा."

"तसं न्हाई, साहेब…"

"आत्ता तुम्हीच सांगितलंत."

कानिफनाथने मोठ्या आशेने गहिनीनाथच्या चौकोनाकडे पाहिलं. हा तरी भांडेल!

"वैनीच्या नावावर व्हनार व्हय?" गहिनीनाथ म्हणाला. "मग मी हरकत मागं घेतो, साहेब."

आता हरकत उरली ती एकट्या कानिफनाथची. सविता सही करायला पेन मागत होती, आणि पेन त्याच्याच खिशात होतं.