जगूआबांचा मुंबईचा मुक्काम

राजोडीच्या जगूआबांची मुंबईतली सूनबाई सकाळी दारावर टकटक करते, गरम पाण्याची बादली दाराबाहेर ठेवते आणि "पानी आया!" असं ओरडून निघून जाते. हे मी नाही सांगत. जगूआबा स्वतः देवळाच्या पारावर बसून सांगायचे, आणि वर म्हणायचे, "बंदोबस्त चोख!"

वाडवळ बागायतदाराच्या घरातली सून सासऱ्याला हिंदीत हाक का मारते, हा प्रश्न पारावर कुणालाच पडला नाही. मला पडायला हवा होता. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात फक्त दलाल होते. स्वराज्य येऊन इतके पावसाळे गेले, तरी आमच्या वाडीतल्या केळीचा भाव मुंबईचा दलाल रुमालाखाली बोटं चाचपून ठरवत होता आणि आमचा बागायतदार "होय शेठ" म्हणून घरी येत होता. मी त्याविरुद्ध पत्रकं काढून गावोगाव वाटत होतो. एक जगूआबांना दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं, बोटांनी चोळलं आणि म्हणाले, "कागद बरा आहे. वाळवलेली सुकेळी बांधायला होईल."

माणूस उंच, वाळका, मान जरा पुढे. चष्म्याची काडी, छत्रीची मूठ, कमरेची चंची, सगळं केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते, रहाटाचा बैल, आणि बैलाशी चाललेलं त्यांचं भांडण. एकुलता मुलगा विनू गिरगावात राहून एका कचेरीत कारकुनी करी. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. केळीचा लिलाव पहाटेचा, म्हणून आबा आदल्या दिवशीच मुंबईला जात आणि मुक्काम करून येत. परत आले की पारावर सूनबाईंचं पुराण सुरू.

"मागच्या खेपेला गादीत ढेकूण निघाले. मी तक्रार केली. लगेच गादी बदलली!"

"सुनेकडे तक्रार केलीत?" ताराकाकूंनी डोळे मोठे केले. आबांच्या शेजारच्या या काकूंचं स्वतःच्या सुनेशी रोज वाजायचं. "आणि ती गप्प बसली?"

"गप्प कसली? सॉरी म्हणाली."

"आणि खायला काय घालते?"

"इडली."

"म्हणजे?"

"वाफेवरचा पांढरा गोळा. पानग्यासारखा, पण फुगीर. सोबत आंबट-तिखट पातळ डाळ. वाटी पुढे केली की भरते, कपाळाला आठी नाही. बंदोबस्त चोख!"

ताराकाकू घरी जाऊन सुनेला म्हणत, "शीक जरा त्या विनूच्या बायकोकडून!" अशा रीतीनं जिला गावानं लग्नाच्या मांडवाबाहेर धड पाहिलंही नव्हतं, ती सुलूवहिनी गावातल्या समस्त सुनांची वैरीण झाली.

पुढे मी एकदा पत्रकं छापून घ्यायला मुंबईला गेलो. छापखानेवाल्यानं ऐन वेळी "उद्या या" म्हणून सांगितलं. ओळखीपाळखीत राहणं माझ्या तत्त्वात बसत नसे, म्हणून भुलेश्वराकडे एक स्वस्त लॉज गाठलं. खाली उडुपी खानावळ, वर खाटा. खोली नाही, खाट भाड्यानं. दोन खाटांमध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. भिंतीवर नियम लिहिलेले: मोठ्यानं बोलू नये, थुंकू नये, स्टोव्ह पेटवू नये. मी गेलो तेव्हा तिन्ही एकाच वेळी मोडले जात होते. खिडकीखाली हातगाड्या, देवळांच्या घंटा, भांडीवाल्यांची ठोकाठोक आणि फुलवाल्यांची भांडणं. एवढ्या मोठ्या शहरात कष्टकऱ्याच्या वाट्याला फक्त खाटेएवढी जागा! माझ्या डोक्यात लगेच मथळा तयार झाला: 'ही माणसं की बोचकी?' त्या संतापातच झोप लागली.

सकाळी दारावर टकटक झाली. "पानी आया!"

मी डोळे उघडतोय तोच फळ्यांच्या पडदीआडून आवाज आला, "राव मॅनेजर, बादली अर्धीच? हा काय बंदोबस्त झाला?"

पडदीपलीकडे सात नंबरच्या खाटेवर पंचा नेसलेले जगूआबा बसले होते. मला पाहताच ते पळण्यासाठी उठले. पण पिशवी चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी ती सोपटाच्या दोरीनं पायाच्या घोट्याला बांधली होती. पिशवी खाटेखाली अडकली आणि आबा धप्पकन पुन्हा खाटेवर बसले.

"आबा! तुम्ही इथं? विनूचं घर काय ओस पडलंय?"

"हळू बोल. ही सभा नाही."

"मुलगा शहरात असताना बापानं भाड्याच्या खाटेवर झोपायचं? मी आजच पत्रक काढतो!"

"काढ की. आणि ते वाचून लोकांनी त्या पोरीच्या तोंडात शेण घातलं की मग तुझं समाधान होईल." आबा पायाची गाठ सोडू लागले. "अरे, विनूची एक खोली. तीही अशी, की मी आडवा झालो तर पाय शेजाऱ्याकडे. पहिल्या खेपेला तिथंच झोपलो. पहाटे उठून बघतो तर पोरगा गॅलरीत मुटकुळं करून पडलेला, आणि ती जिन्यात भिंतीला टेकून डुलक्या घेतेय, डोक्यावरचा पदर न सोडता. लग्नाला महिना नव्हता झाला. म्हटलं, जगू, तू काय माणूस आहेस का बैल?"

"मग?"

"मग काय! लिलाव आता दुपारचा झाला, मुक्काम लागत नाही, म्हणून त्यांना सांगून ठेवलंय. संध्याकाळी तिथं जेवतो आणि गाडी गाठायची म्हणून निघतो. विनू कोपऱ्यापर्यंत येतो. मी स्टेशनकडे वळतो. तो माघारी गेला की इकडे येतो."

"म्हणजे मुलालाही थाप!"

"थाप कशी? स्टेशनकडे वळतोच ना? वळल्यावर किती चालायचं ते माझं मी बघीन."

मला असत्याची चीड आहे. मी तोंडावर विचारलं, "आणि पारावर ती इडली, ती गादी, त्या थापा कशाला?"

आबांनी अर्धी बादली जवळ ओढली. "पार विचारतो रे. सून कशी, काय करते. ती बिचारी वाढते तेव्हा माझ्या मानेवर त्या खोट्या गाडीची वेळ असते. धड चवही कळत नाही. मग इथला बंदोबस्त तिच्या नावावर टाकला, तर बिघडलं काय?" मग माझा हात धरून म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. तुला तुझ्या पत्रकाची शपथ."

मी तोंड बंद ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना यात किती कष्ट असतील ते कळेल.

गणपतीला विनू आणि सुलूवहिनी गावी आली. संध्याकाळच्या आरतीला घर भरलेलं. आरती झाली, आबा कापराचं तबक घेऊन फिरत होते, आणि ताराकाकूंनी ज्योतीवरून हात फिरवता फिरवता सर्वांदेखत म्हटलं, "सुलू, उद्याच्या प्रसादाला तुझी ती इडली होऊन जाऊ दे हो! तुझ्या सासऱ्यानं वर्णन करकरून आम्हाला नुसतं तळमळत ठेवलंय."

विनू हसला. "इडली? हिला?"

आबांनी तबक घाईघाईनं विनूपुढे धरलं. सुलूवहिनीनं एकदा त्या तबकाकडे पाहिलं, एकदा आबांच्या तोंडाकडे. मग म्हणाली, "करते की, काकू. पण त्याचं भांडं नेमकं मुंबईला राहिलं." विनूनं पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं त्यात मोदक घातला. "आधी हा खा."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीकडून जात होतो. ती कळशी बाजूला ठेवून उभी राहिली. "भाऊजी, तुम्हीही मुंबईला जाता-येता. मामंजी तिथं कुठे उतरतात?"

"मी शपथ घेतलीय, वहिनी."

हे उत्तर देऊन मी सगळं सांगून टाकलं आहे, हे मला जरा उशिरानं कळलं. तिला लगेच कळलं. तिनं पदरानं डोळे टिपले. "मग ठिकाण सांगू नका. खायला बरं मिळतं ना, तेवढं सांगा."

"इडली बरी असते," मी म्हणालो.

दिवाळीनंतर मला पुन्हा छापखान्याचं काम निघालं. लॉजवर पोचलो तर मॅनेजर राव कुरकुरत होते. "तुमचा गाववाला सात नंबर आहे ना? दुपारी एक बाई आली होती. आजूबाजूची सगळी उडुपी लॉजं बघत आली म्हणे. गादी उलटी करून बघितली, खाटेच्या सांध्यांत रॉकेल घालायला लावलं, बादली पूर्ण भरत जा म्हणाली. नाव नाही सांगितलं. ते ठेवून गेली."

खाटेवर जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची एक गोधडी होती. घडी केलेली आणि सोपटाच्या दोरीनं बांधलेली. आबा मुलाकडे केळी पाठवत त्यावरचीच ती दोरी. तिनं जपून ठेवली असणार.

थोड्या वेळानं आबा आले. "आज गंमतच," ते जिन्यातूनच बोलू लागले. "दर खेपेला मी म्हणतो गाडीची वेळ झाली. आज तीच म्हणाली, मामंजी, निघा, गाडी चुकेल. कोपऱ्यापर्यंत विनूलाही येऊ दिलं नाही..."

तेवढ्यात त्यांना गोधडी दिसली. त्यांनी दोरी चाचपली. गाठीवरून अंगठा फिरवला. मग हळूच खाटेवर बसले आणि गोधडी तशीच मांडीवर घेतली. खाली फुलवाल्यांची भांडणं चालूच होती.

त्या रात्री पिशवी पायाला बांधायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बरोबरच गावी आलो. पारावर ताराकाकू वाटच पाहत होत्या. "काय आबा, या खेपेला काय बंदोबस्त?"

आबांनी गोधडी काखेतून काढून गुडघ्यांवर पसरली. "सूनबाईनं गोधडी दिली," ते म्हणाले. मग तिचे बारीक टाके बोटानं ताराकाकूंना दाखवू लागले.

मी शेजारीच बसलो होतो. जगूआबांचं खोटं पकडायची मला आता सवय झाली होती. मी कान देऊन ऐकलं, पण या खेपेला पकडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.