रुसलीयेका

नवऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा उरली नाही, म्हणून त्याने लिहिलेली छोटी फंक्शनं, म्हणजे एकेका कामापुरते प्रोग्रॅम, आमच्या फ्लॅटवर राहायला आली. वीतभर उंचीची, नीटनेटकी. प्रत्येकाला एकच काम यायचं. दूधबघ पातेल्यात डोकावून ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. साखरघाल साखर घालायचं. चहाकर स्वतः काहीच करायचं नाही, बाकीच्यांना हाका मारायचं.

“हे सगळं मी एकटी करत होते,” मी सौमित्रला म्हटलं.

“हो गं, पण तू सगळं एकदम करतेस. मध्येच दूध, मध्येच गाळणं. बघणाऱ्याला कळत नाही काय चाललंय.”

“बघत कोण होतं?”

त्यावर तो हसला आणि त्यांच्यात जाऊन बसला.

नावं तोच ठेवायचा. नावावरूनच काम कळलं पाहिजे, असा त्याचा आग्रह. एका रविवारी तर अख्खी दुपार गॅलरीत फेऱ्या मारत एकच नाव हळू आवाजात म्हणून बघत होता. आमच्या लग्नात तांदळाच्या ताटात माझं नवं नाव काय लिहायचं, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा हा म्हणाला होता, “आई म्हणेल ते.” आईंनी मृण्मयी म्हटलं. माहेरी मी तेजू. सौमित्र मला ‘अगं’ म्हणतो.

त्या रविवारी संध्याकाळी ते नाव घेऊन एक नवं फंक्शन माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. नाव रुसलीयेका.

“आपण रुसला आहात का?”

“त्याला स्वतःला येऊ दे.”

“तशी सोय नाही. हो किंवा नाही?”

“हो.”

त्याने समजूतकाढला बोलावलं. समजूतकाढने कारणविचारला पुढे केलं.

“कारण?” कारणविचारने विचारलं.

“तुम्ही सगळे.”

“नोंद घेतली,” असं म्हणून त्याने मनापासूनबोलला हाक मारली. ते कोपऱ्यातून आलं, समोर उभं राहिलं आणि गप्पच.

“बोल ना.”

“माझ्यात एकच ओळ आहे,” ते ओशाळून म्हणालं. “‘हे नंतर लिहायचं.’”

मी उठून सौमित्रच्या टेबलाशी गेले. “तिघांना ओलांडून चौथ्यापाशी, तळाशी पोचले. तिथे काहीच नाहीये.”

त्याचे कान लाल झाले. “ते लिहायलाच जमेना. म्हणून वरची एवढी केली.”

“दूधबघ राहू दे, त्याला दिवसभर कुणी ना कुणी बोलावतं. पण या चौघांना माझ्याशिवाय दुसरीकडे कामच नाही. त्यांचं काम तू जागेवर कर. माझ्यासमोर.”

त्याने स्क्रीनवर एकेक काढून टाकलं. रुसलीयेका जाताना मला नमस्कार करून गेलं. मी केला नाही.

मग सौमित्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, “तू रुसलीयेस, माझ्यामुळेच, म्हणजे त्या ताटाचंपण मला, मी तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं, चहा मी ठेवतो, नाव तुझं तुला जे, दूध आहे का, तेजू?”

इतकं लांबलचक आणि गुंतागुंतीचं वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला सगळं कळलं.

“नाही,” दूधबघ पातेल्यातून म्हणालं.

सौमित्र पिशवी घेऊन खाली गेला. दूधबघ काठावर चढून बसलं.

“तेजू कोण? काम काय करतं?”

“नावावरून कळत नाही,” मी म्हटलं आणि पातेलं विसळायला घेतलं.